वाक्यातील कर्ता कोठे गेला?

आठवीच्या वर्गात आम्ही दरवर्षी फळ्यावर एक वाक्य लिहितो : ‘महाडच्या चवदार तळ्यावर अस्पृश्यांना पाणी भरण्यास मनाई होती.’ वाक्य शुद्ध आहे. व्याकरणाच्या शिक्षकाला त्यात दोष सापडणार नाही आणि उत्तरपत्रिकेत ते आले तर आम्हीही गुण कापत नाही. वाक्य लिहून झाले की मुलांना आम्ही एवढेच विचारतो : ही मनाई कोणी केली होती? कोणी म्हणते सरकारने, कोणी म्हणते नगरपालिकेने, आणि मागच्या बाकावरून हमखास एक आवाज येतो, ‘देवाने.’ मुले तर्क करीत राहतात, कारण वाक्यात उत्तर नाही. ‘मनाई’ आहे, ‘होती’ आहे. मनाई करणारा माणूस मात्र वाक्यात कोठेही नाही.

आता इतिहास पाहू. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे मंडळाने सी. के. बोले यांचा ठराव संमत केला आणि सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांस खुल्या कराव्यात असे ठरले. त्या ठरावाला अनुसरून महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव केला. म्हणजे २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेब सहस्रावधी अनुयायांसह तळ्याकडे निघाले, तेव्हा कागदावर कोणतीही मनाई शिल्लक नव्हती. तळे तीन वर्षांपूर्वीच खुले झाले होते. मग योग्य वाक्य कोणते? ‘नगरपालिकेने तळे खुले केले असतानाही गावातील स्पृश्य लोक अस्पृश्यांना तेथे पाणी भरू देत नसत.’ हे वाक्य लांब आहे, परीक्षेत लिहायला वेळ लागतो. परंतु यात प्रत्येक क्रियेचा कर्ता जागेवर आहे. खुले करणारे कोण, अडवणारे कोण, अडवले गेले ते कोण, सारे दिसते.

पहिले वाक्य खोटे होते असे नव्हे. त्याने केवळ एक जागा रिकामी ठेवली होती, आणि त्या रिकाम्या जागेत जबाबदारी नाहीशी झाली. आम्ही इतिहासाचे विद्यार्थी, भाषाशास्त्राचे नव्हे. तरी तीस वर्षे पाठ्यपुस्तके आणि उत्तरपत्रिका वाचल्यावर आमचे असे मत झाले आहे की, इतिहासातील पुष्कळसा अन्याय वाक्यरचनेत लपून बसतो. तेथून तो बाहेर काढण्यासाठी फार विद्वत्ता लागत नाही. शब्द कोणता निवडला आणि कोठे ठेवला, एवढे पाहण्याची सवय लागते.

मराठीत ‘होणे’ आणि ‘करणे’ ही दोन क्रियापदे फार कामाची आहेत. ‘दंगल झाली’, ‘दंगल उसळली’ असे आपण म्हणतो तेव्हा दंगल पावसासारखी, पुरासारखी आपोआप येते. ‘हल्ला केला’ म्हटले की लगेच प्रश्न उभा राहतो, कोणी आणि कोणावर? महाडच्या परिषदेनंतर काही जणांनी अफवा उठवली की अस्पृश्य लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार आहेत, आणि परिषदेला आलेल्या, परतीच्या वाटेला लागलेल्या लोकांना मारहाण करण्यात आली. याचे वर्णन ‘महाडला दंगल झाली’ असेही करता येते आणि तसे केले गेलेही. ‘दोन गटांत हाणामारी’ हे आजच्या वृत्तपत्रांचे आवडते शब्द याच कुळातले. ‘दोन गट’ म्हटले की दोन्ही बाजू समान वजनाच्या होतात. एका बाजूस भाकरी सोडून बसलेली माणसे होती आणि दुसऱ्या बाजूस लाठ्या होत्या, हा भेद त्या दोन शब्दांत पुसला जातो.

‘तळे बाटले’ आणि ‘तळे शुद्ध केले’ ही वाक्येही अशीच तपासावी लागतात. सत्याग्रहानंतर तेथील सनातनी मंडळींनी गोमूत्र, शेण इत्यादी ओतून तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले. हा शब्द अवतरणचिन्हांत घातला नाही, तर आपण नकळत मान्य करून बसतो की त्यापूर्वी ते पाणी अशुद्ध होते. शब्द उसना घेतला की त्याच्याबरोबर त्याच्या मालकाचे मतही घरात येते.

कर्ता लपवण्याचे आणखी एक साधन म्हणजे ‘पूर्वापार’, ‘परंपरेने’, ‘अनादी काळापासून’ असे शब्द. महाडच्या दाव्यात प्रतिपक्षाचा भर यावरच होता : तळे खासगी मालकीचे आहे आणि अस्पृश्यांना दूर ठेवण्याची रूढी फार प्राचीन आहे. मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला तो बाबासाहेबांच्या बाजूने; रूढी अनादी असल्याचे सिद्ध झालेले नाही, असे न्यायालयाचे मत पडले. ‘पूर्वापार’ या एका शब्दाला पुरावा मागितला गेला आणि तो देता आला नाही. तो शब्द खोडण्यास दहा वर्षे लागली.

आता शब्दांच्या क्रमाकडे वळू. इंग्रजीत कर्ता आणि कर्म यांच्या जागांची अदलाबदल केली की मारणारा मरतो आणि मरणारा मारतो. मराठीत तसे होत नाही, कारण आपले विभक्तिप्रत्यय शब्दाला चिकटून त्याच्याबरोबर हिंडतात. ‘विद्यार्थ्याने शिक्षकाला प्रश्न विचारला’ या वाक्यातील पदे कशीही फिरवा, प्रश्न विचारणारा विद्यार्थीच राहतो. म्हणून पुष्कळांची समजूत अशी असते की मराठीत शब्दक्रमाला महत्त्व नाही. ही समजूत चुकीची आहे. मराठीत क्रियापद सामान्यतः शेवटी येते आणि त्याच्या अगदी अलीकडची जागा ही मानाची जागा असते. ‘शिक्षकाला प्रश्न विद्यार्थ्याने विचारला’ असे म्हटले की ऐकणारा समजतो, प्रश्न तपासणी अधिकाऱ्याने नव्हे, विद्यार्थ्याने विचारला. ‘विद्यार्थ्याने प्रश्न शिक्षकाला विचारला’ म्हटले की तो शेजारच्या मुलाला विचारला नाही, हे कळते. वाक्याच्या आरंभी आपण ज्याविषयी बोलत आहोत तो विषय येतो आणि क्रियापदाजवळ त्याविषयीची नवी बातमी येते.

‘बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्याले’ हे वाक्य बाबासाहेबांच्या चरित्रातले आहे. ‘चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेब प्याले’ हे तळ्याच्या इतिहासातले. पहिल्यात एका माणसाच्या आयुष्यातील प्रसंग आहे. दुसऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या अडवून ठेवलेले पाणी आहे आणि ते अखेर कोणी प्याले याची वार्ता आहे. शब्द तेच पाच. आमच्या लहानपणी गावात जलसे होत, तेव्हा शाहीर क्रियापद आधी टाकून नाव शेवटी ठेवीत आणि त्या नावावर डफावर थाप पडे. व्याकरणाच्या पुस्तकात ती रचना अपवाद म्हणून सांगतात. जलसा ऐकणाऱ्यांना तिचे कारण ठाऊक होते.

याहूनही लहान साधने मराठीत आहेत. ‘च’ आणि ‘ही’ ही ती दोन अक्षरे. ‘आम्ही माणसे आहोत’ या तीन शब्दांत ती घालून पाहा. ‘आम्हीही माणसे आहोत’ म्हणजे तुम्ही जसे आहात तसे आम्ही आहोत. ही समतेची मागणी झाली. ‘आम्हीच माणसे आहोत’ म्हणजे इतर कोणी माणूस नाही. ही तर मनुस्मृतीचीच वृत्ती, केवळ तोंड बदलले. ‘आम्ही माणसेच आहोत’ म्हणजे आम्ही माणसाहून काही कमी नाही, आणि देव असल्याचा दावाही नाही. एका अक्षराची जागा सरकली आणि एका वाक्याची तीन राजकारणे झाली. डिसेंबर १९२७ मधील महाडच्या दुसऱ्या परिषदेत बाबासाहेबांनी स्पष्ट केले होते की, त्या तळ्याचे पाणी प्यायल्याने कोणी अमर होणार नाही. तेथे जायचे ते इतरांसारखीच आपणही माणसे आहोत हे दाखवण्यासाठी. त्यांच्या सबंध चळवळीचे व्याकरण ‘ही’चे आहे, ‘च’चे नाही. आपल्यातील काही उत्साही वक्त्यांनी हे ध्यानात ठेवले तर बरे होईल.

‘पण’ हे अव्यय असेच निरुपद्रवी दिसते. ‘मुलगा हुशार आहे, पण गरीब आहे’ आणि ‘मुलगा गरीब आहे, पण हुशार आहे’ या दोहोंत माहिती एकच. पहिले वाक्य ऐकणारा उसासा टाकतो. दुसरे ऐकणारा प्रवेशअर्ज पुढे करतो. ‘पण’नंतर जे येते ते मनात राहते, म्हणून प्रगतिपुस्तकावर शेरा लिहिताना आम्ही उणीव आधी आणि गुण नंतर लिहितो. परंतु ‘पण’चा दुसरा उपयोग अधिक घातक आहे. ‘वस्तीतला आहे, पण स्वच्छ राहतो.’ ‘त्यांच्यातली आहे, पण किती शुद्ध बोलते!’ आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी नोकरीच्या ठिकाणी अशी स्तुती ज्यांनी ऐकलेली नाही असे थोडेच असतील. स्तुती करणारा मनापासून बोलत असतो आणि त्याला आपले कोठे चुकले हे कळतही नाही. चूक ‘स्वच्छ’ या शब्दात नाही, ‘पण’मध्ये आहे. ‘पण’ दोन परस्परविरोधी गोष्टी जोडतो. वस्तीतला असणे आणि स्वच्छ असणे यांत विरोध आहे असे आधी मानल्यावाचून ते वाक्य तयारच होत नाही. तेथे ‘आणि’ घालून पाहावे. बोलणारा स्वतःच थबकतो.

शब्दांच्या निवडीचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे आपल्या समाजाला मिळालेली आणि समाजाने घेतलेली नावे. या नावांचा इतिहास बहुतेकांना माहीत असतो. त्यांचे व्याकरण सहसा कोणी पाहत नाही.

‘अस्पृश्य’ हा शब्द घ्या. ‘स्पृश्’ या संस्कृत धातूला ‘य’ हा प्रत्यय लागून ‘स्पृश्य’ होतो, म्हणजे स्पर्श करण्यास योग्य. ‘पूज्य’, ‘वंद्य’, ‘पेय’ हे याच साच्यातून निघालेले शब्द. या साच्याचा धर्म असा की योग्यता किंवा अयोग्यता त्या वस्तूतच आहे असे तो भासवतो. जो पूज्य तो मुळातच पूजेला योग्य. जो अस्पृश्य तो मुळातच स्पर्शाला अयोग्य. कोणीतरी शिवायचे नाकारले, ही घटना या शब्दात नाही. नाकारणाऱ्याचे कृत्य नाकारलेल्याचा गुणधर्म होऊन बसले.

याच्या शेजारी ‘बहिष्कृत’ हा शब्द ठेवा. जुलै १९२४ मध्ये बाबासाहेबांनी संस्था स्थापन केली ती ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’. ‘बहिष्कृत’ म्हणजे बाहेर केलेला, बाहेर घातलेला. येथे ‘कृ’ धातू आहे, म्हणजे प्रत्यक्ष ‘करणे’ आहे, आणि त्याला ‘त’ हा भूतकालवाचक प्रत्यय लागला आहे. हा शब्द उच्चारताच प्रश्न येतो : बाहेर केले, ते कोणी? कर्ता उच्चारलेला नसला तरी त्याची जागा राखून ठेवलेली आहे. महाडनंतर अवघ्या दोन आठवड्यांनी, ३ एप्रिल १९२७ रोजी, पाक्षिक निघाले त्याचे नाव ‘बहिष्कृत भारत’. येथे शब्दक्रमही पाहण्याजोगा आहे. ‘भारतातील बहिष्कृत’ असे नाव ठेवले असते तर तो एका मोठ्या देशातील एक लहान गट झाला असता. ‘बहिष्कृत भारत’ म्हटल्यावर देशच दोन झाले : एक बाहेर घालणारा आणि एक बाहेर घातलेला. विशेषण कोणाला लावले, यावर सारे अवलंबून आहे.

बाबासाहेबांनी ‘अस्पृश्य’ हा शब्द टाळला असे मात्र नाही. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाच्या नावातच तो आहे. पण तेथे त्यांनी त्याला एक क्रियापद जोडले. अस्पृश्य मूळचे कोण होते आणि ते अस्पृश्य का बनले, असा त्या ग्रंथाच्या नावाचा आशय. ‘बनले’ हे क्रियापद आले आणि गुणधर्माची घटना झाली. जे बनले ते पूर्वी तसे नव्हते. घटना म्हटली की तिला काळ हवा. बाबासाहेबांनी तो इसवी सन ४०० च्या सुमाराचा मानला. त्या काळाविषयी विद्वानांनी वाद घालावा. आमच्या दृष्टीने मोठी गोष्ट ही की, ‘आहेत’च्या जागी ‘बनले’ आले आणि ‘पूर्वापार’ला तारीख विचारली गेली.

‘हरिजन’ या शब्दात क्रियापदाचा अंशही नाही. हरीचे जन, एवढाच समास. त्यात कोणी कोणाला काही केलेले नाही. गोड शब्द आहे, आणि त्याच्या गोडव्यातच त्याचा दोष आहे, कारण तो अन्यायाची वार्ताच देत नाही. १९३८ साली मुंबई विधानसभेत स्थानिक स्वराज्य संस्थांविषयीच्या विधेयकात हा शब्द घालण्यात आला, तेव्हा बाबासाहेब आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद यांनी विरोध केला आणि सभात्याग केला. नावासाठी सभात्याग कशाला, असे तेव्हाही विचारणारे होते. ज्यांचे नाव ठेवले जात होते त्यांना न विचारता ते ठेवले जात होते, हे त्याचे उत्तर.

‘अनुसूचित’ हा शब्द १९३५ च्या कायद्यातील इंग्रजी शब्दाचे रूपांतर. त्यातही ‘त’ प्रत्यय आहे, पण येथे करणारे सरकार आहे आणि त्याने केवळ यादी केली आहे. कामकाजासाठी तो शब्द सोयीचा आहे, तेवढाच त्याचा उपयोग. ‘दलित’ हा शब्द मात्र ‘बहिष्कृत’च्याच कुळातला : दळलेला, चिरडलेला. १९७२ मध्ये दलित पँथर स्थापन झाली तेव्हा तरुणांनी हा शब्द अभिमानाने छातीवर लावला, तो त्यातील दैन्यासाठी नव्हे, तर दळणाऱ्याकडे रोखलेल्या बोटासाठी.

आणि ‘बौद्ध’? १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपल्या आईवडिलांनी धारण केलेल्या या शब्दात दुसऱ्याने आपल्याला काय केले याचा उल्लेखच नाही. ‘बुद्ध’ या शब्दाला प्रत्यय लागून तो झाला. बुद्धाचा अनुयायी, एवढा त्याचा अर्थ. आधीच्या नावांत आपण नेहमी कर्म होतो. या नावात प्रथमच कर्ता झालो. काही मंडळींना वाटते की ‘दलित’ आणि ‘बौद्ध’ यांत भांडण आहे. आम्हाला तसे वाटत नाही. एक शब्द मागे काय झाले ते सांगतो, दुसरा आपण काय स्वीकारले ते सांगतो. कोणत्या वाक्यात कोणता योग्य, हे वाक्यावर ठरवावे.

पंचशील म्हणताना मुलांच्या तोंडी प्रत्येक शीलाच्या शेवटी ‘समादियामि’ हे क्रियापद येते. मूळ पालीत ‘हिंसा करू नको’ अशी आज्ञा नाही. ‘वेरमणी’ म्हणजे विरत राहणे, ‘सिक्खापद’ म्हणजे शिक्षणाचा नियम आणि ‘समादियामि’ म्हणजे मी ग्रहण करतो. आज्ञा देणारा बाहेर कोणी नाही. क्रियापदाच्या शेवटच्या ‘मि’मध्ये ‘मी’ बसलेला आहे. दोनशे मुले एका सुरात म्हणत असली तरी ते क्रियापद एकवचनीच राहते. वसतिगृहात नवा आलेला विद्यार्थी ही नियमावली समजून पाठ करतो आणि पाचसहा महिन्यांनी, ‘सर, याच्यात मीच मला सांगतोय ना?’ असे विचारतो. व्याकरणाचा याहून चांगला तास आम्हाला घेता आलेला नाही.

याच्या उलट भारतीय संविधानाची उद्देशिका अनेकवचनाने उघडते. ‘आम्ही’ हा तिचा पहिला शब्द. १९३५ चा कायदा ब्रिटिश राजाच्या नावाने संमत झाला होता. त्यात संमत करणारा राजा होता आणि आपण त्या कायद्याचा विषय होतो. संविधानात करणारे लोक आहेत, आणि संविधान अर्पण करायचे तेही त्याच लोकांना, स्वतःलाच. देणारा आणि घेणारा एकच असे हे वाक्य आहे. इंग्रजीत यासाठी एकच सर्वनाम होते. मराठीत मात्र निवड करावी लागते, कारण आपल्याकडे ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत. ‘आपण’मध्ये ऐकणारा सामील असतो, ‘आम्ही’मध्ये तो समोर उभा असतो. ‘आपण भारताचे लोक’ म्हटले असते तर ते आपसांतील आवाहन झाले असते, जसे सभेत वक्ता म्हणतो की आपण असे करू या. ‘आम्ही’ म्हटल्याने ती जगापुढे केलेली घोषणा झाली. (या लेखातील ‘आम्ही’ ही मात्र जुन्या मास्तरांची खोड आहे, तिला घटनात्मक आधार नाही.)

उद्देशिकेतील आणखी एका क्रमाविषयी येथे सांगितले पाहिजे, कारण शब्दक्रम म्हणजे केवळ शैली असे मानणाऱ्यांना ते उत्तर आहे. बंधुतेच्या संदर्भात तेथे दोन गोष्टी येतात : आधी व्यक्तीची प्रतिष्ठा, मग राष्ट्राची एकता. १९४८ साली मसुदा प्रसिद्ध झाल्यावर ज्या सूचना आल्या त्यांत एक अशी होती की हा क्रम उलटा करावा, राष्ट्र आधी आणि व्यक्ती नंतर ठेवावी. दिसायला सूचना किरकोळ. एकही शब्द वाढत नव्हता की कमी होत नव्हता. परंतु ती स्वीकारली गेली नाही. त्यावरील टिपणात कारण दिले गेले त्याचा आशय असा की, व्यक्तीची प्रतिष्ठा राखली गेल्यावाचून राष्ट्र एक होऊ शकत नाही, म्हणून व्यक्ती आधी. येथे क्रम म्हणजे कार्यकारणभाव आहे. जे आधी आहे ते कारण, जे नंतर आहे ते फळ. १९७६ च्या दुरुस्तीने एकतेला ‘एकात्मता’ जोडली गेली, तरी व्यक्तीची जागा पहिलीच राहिली. इंग्रजीत ‘बंधुता’ हा शब्द आधी येतो आणि ती काय साधते ते नंतर. मराठीत रचना उलटते : प्रतिष्ठा, एकता, एकात्मता हे सारे आधी येते आणि ‘बंधुता’ अखेरीस. मराठी विद्यार्थ्याच्या कानात म्हणूनच शेवटी बंधुता घुमत राहते. भाषांतरकारांनी हे हेतुतः केले नसेल, भाषेच्या स्वभावानेच घडले; पण घडले ते चांगले.

हे सारे वर्गापुरते आहे असे कोणा पालकांस वाटेल, म्हणून एक नित्याची बाब सांगतो. शिष्यवृत्ती अडली की पालक आमच्याकडे अर्ज लिहून घेण्यासाठी येतात. बहुतेकांनी घरून कच्चा मजकूर आणलेला असतो आणि तो साधारण असा असतो : ‘मी अत्यंत गरीब असून मोलमजुरी करून पोट भरतो. माझ्या मुलाला शिष्यवृत्ती मिळालेली नाही. तरी साहेबांनी कृपा करून मदत करावी ही नम्र विनंती.’ यात खोटे काही नाही. परंतु पहिल्या वाक्याचा विषय गरिबी आहे, शेवटच्याचा विषय साहेबांची कृपा, आणि मधल्या वाक्यात पुन्हा तोच जुना चमत्कार : शिष्यवृत्ती ‘मिळालेली नाही’. कोणी दिली नाही, केव्हापासून दिली नाही, काहीच नाही. वाचणारा अधिकारी वाक्यात कोठेही नाही. तो अर्जाच्या वर साहेब म्हणून आहे आणि खाली कृपाळू म्हणून.

आम्ही तोच मजकूर पालकांसमोर बसून फिरवतो. ‘माझा मुलगा अमुक इयत्तेत शिकत असून अमुक योजनेखाली शिष्यवृत्तीस पात्र आहे. त्याचा परिपूर्ण अर्ज अमुक तारखेस आपल्या कार्यालयाने स्वीकारला, त्याची पोच सोबत जोडली आहे. आपल्या कार्यालयाने ही रक्कम अद्याप त्याच्या खात्यात जमा केलेली नाही. ती केव्हा जमा करणार, हे लेखी कळवावे.’ यात उद्धटपणाचा एकही शब्द नाही. ‘मदत’ गेली आणि ‘पात्र’ आले. ‘मिळाली नाही’ गेले आणि ‘कार्यालयाने जमा केलेली नाही’ आले. गरिबी काढून टाकली, कारण त्या दाराशी ती सांगण्याचे प्रयोजन नव्हते. ‘लाभार्थी’ हा सरकारी शब्दही आम्ही शक्यतो लिहीत नाही. लाभ दुसऱ्याच्या इच्छेवर असतो. पात्रता नियमावर असते. एका माउलीने असा अर्ज वाचून विचारले, ‘गुरुजी, साहेब रागावणार तर नाहीत?’ साहेब रागावले नाहीत. त्यांनी पोच क्रमांक पाहिला आणि कारकुनाला हाक मारली.

खाली सही करताना ‘आपला आज्ञाधारक’ लिहावे की ‘आपला विश्वासू’, हे मुले हटकून विचारतात. मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज असेल तर ‘आज्ञाधारक’ चालेल, असे आम्ही सांगतो. कार्यालयाला लिहिताना ‘विश्वासू’ पुरे.